तळ्याच्या काठाने

निसर्गाचे निरीक्षण करण्यासाठी अरण्यातच जावयास हवे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः भारतातील जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात २४ लाखांहून अधिक जलसाठ्यांची नोंद आहे व त्यांपैकी निम्म्याहून अधिक तळी आहेत. असे एखादे तळे आपल्या वस्तीजवळही असू शकेल. पावसाळा सरल्यावर एखाद्या दिवशी सकाळी लवकर वही, पेन्सिल व भिंग घेऊन त्याला एक फेरी घालावी.

पुष्कळ तळ्यांचा काही काठ दगडी बांधणीचा व काही मातीचा असतो. फेरीचा आरंभ दगडी घाटापासून करावा. येथे लांब पायांचे किडे पाण्यावर चालताना दिसतील. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागतो; या पृष्ठताणामुळेच ते बुडत नाहीत. जवळच्या तारेवरून खंड्याही सूर मारील. जे दिसेल ते वहीत लिहावे.

आता मातीच्या काठाकडे वळावे. येथे जमीन हळूहळू पाण्यात उतरते. उथळ पाण्यात तळापर्यंत प्रकाश पोचत असल्यामुळे वनस्पती मूळ धरतात. काठाशी लव्हाळे, त्यापुढे पाणकणीस व अधिक खोलात कमळे, असे पट्टेच अनेकदा आढळतात. थोडा वेळ स्तब्ध उभे राहावे. चिखलात मिसळून गेलेला वंचक एकाएकी उडेल आणि त्याचे शुभ्र पंख पाहून आपण चकित होऊ. पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याचा भार त्याच्या लांब बोटांमुळे विभागला जातो. या पक्ष्यात अंडी उबविण्याचे काम नर करतो.

लव्हाळ्यांच्या देठांवर कधीकधी कीटकाची रिकामी कात चिकटलेली आढळते. ती चतुराची होय. त्याची पिले पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात आणि वाढ पुरी होताच देठावर चढून शेवटची कात टाकतात. पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात वाढणारी चतुराची एक जात तर भारतातून मालदीव बेटांवरून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावी, असे अनुमान चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. अशा प्रवासाचा आरंभ एखाद्या डबक्यातही होऊ शकतो!

घरी परतल्यावर दोन्ही काठांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या. मातीच्या काठाची यादी बहुधा लांब भरेल. त्याचे कारण उघड आहे : तळ्यातील पुष्कळसे जीवन उथळ, वनस्पतींनी भरलेल्या काठाच्या आश्रयाने राहते. सुशोभनासाठी सभोवार उभी भिंत बांधली, तर पाणी राहील. परंतु हा आश्रय नाहीसा होईल. म्हणून तळे बांधून काढण्याचा विचार निघेल तेव्हा काही काठ तरी मातीचाच ठेवावा, असे आपण सांगू शकू. आणि पुरावा म्हणून आपली वही पुढे करू शकू.