चेन बदलण्याआधी चिमटा आणि इंजिन तपासा

मुंबई-गोवा महामार्गावरून हातखंब्याला वळून किंवा कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून रत्नागिरीत येणाऱ्या बुलेटस्वारांची गॅरेजमधली एक नेहमीची तक्रार असते: गाडी एका बाजूला ओढते आणि चेन आवाज करते. नवे चेन-स्प्रॉकेट किट बसवून बिल करणे सोपे आहे. परंतु मागचे चाक, चिमटा म्हणजेच स्विंगआर्म आणि इंजिन एका रेषेत नसतील, तर नवे किटही लवकरच झिजेल. घाटात चेन तुटून चाक जाम झाले, तर जिवावर बेतेल. म्हणून दोष आधी शोधावा. त्यासाठी दोरी, पोलादी पट्टी व मोजपट्टी पुरे.

१) गाडी डबल स्टँडवर घ्यावी. चिमट्याचे मागचे टोक धरून आडवे हलवावे. बोल्टापाशी खेळ जाणवला, तर बुश गेले असे समजावे. फक्त चाकच हलत असेल, तर बेअरिंग पाहावे. खाऱ्या हवेत आणि पावसात ग्रीस संपले, की बुश लवकर खराब होतात.

२) चिमट्याच्या मुख्य बोल्टाच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते सारखे हवे. चेन ॲडजस्टरच्या खुणांवर सर्वस्वी विसंबू नये.

३) हँडल सरळ ठेवावे. मागच्या टायरला पाठीमागून दोरी घालून तिची दोन्ही टोके पुढच्या चाकाच्या पुढे ताणावीत. दोरी मागच्या टायरला दोन्ही कडांशी नुसती टेकावी. पुढच्या टायरपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे हवे. एक्सल बरोबर असूनही ते कमी-जास्त भरले, तर चिमटा, फ्रेम किंवा पुढचा फोर्क वाकल्याचा संशय घ्यावा. काही गाड्यांत कंपनीनेच थोडा फरक ठेवलेला असतो, म्हणून मॅन्युअल जरूर पाहावे.

४) आता मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगाला पट्टी लावून पुढच्या स्प्रॉकेटकडे नजर टाकावी. चाके सरळ असून चेन तिरकी दिसत असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचा नट, वॉशर व इंजिनचे फाउंडेशन बोल्ट तपासावेत. इंजिन सरकले असेल, तर खाली जॅकचा आधार देऊन सर्व बोल्ट सैल करावेत, इंजिन जागेवर बसू द्यावे आणि मग मॅन्युअलमधील क्रमाने व जोराने आवळावेत.

स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने घासलेले असणे हा तिरकेपणाचा साधा पुरावा होय. जुने स्प्रॉकेट गिऱ्हाईकाला दाखवावे, मोजलेली अंतरे बिलावर लिहावीत. शेवटी चेनचा ढील तपासावा. चिमट्याचा बोल्ट, पुढचे स्प्रॉकेट व एक्सल एका रेषेत आले, की चेन सर्वांत ताणली जाते. त्या स्थितीतही थोडा ढील उरलाच पाहिजे.

या तपासणीत वेळ जातो, त्याची वेगळी मजुरी आधीच सांगून घ्यावी. किट विकण्यात एकदाच कमाई होते. दोष सापडला, की तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळीही तुमच्याच दारात उभे राहते.