विलंबित सोडू नकोस

वसमत, जि. हिंगोली

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा बंड्या पुण्याहून आला. जेवताना सहज बोलून गेला, की तू मोबाइलवर रेकॉर्डिंगं दीडपट वेगाने ऐकतेस आणि विलंबित सोडून थेट द्रुतावर जातेस. माझा घास हातातच राहिला. परीक्षा जवळ आली असेल, मान्य. पण उस्ताद अमीर खाँचा मारवा, आणि दीडपट वेगाने?

अगं, मारव्यात षड्जाची वाट बघायची असते. खाँसाहेब निषाद आणि कोमल रिषभात घोटाळत राहतात, धैवतावर टेकल्यासारखं करतात, पण षड्ज काही देत नाहीत. जीव कासावीस होतो. वेग वाढवलास की ती तगमगच जाते. झुमरा चौदा मात्रांचा, हातावर धर. आठवीला खाली आली की कान टवकार, शेवटच्या चार मात्रांत मुखडा समेकडे कसा निघतो ते बघ. घाई नाही, तरी चुकत नाही. तूच मागे मोझार्टचा 23वा पियानो कॉन्चेर्टो पाठवला होतास, 1786 चा. त्याच्या मधल्या संथ भागात आधी एकटा पियानो बोलतो, बाकी सगळा ताफा गप्प. मला त्या संगीतातलं फार कळत नाही. पण ते गप्प बसणं कळलं.

दीडपट वेगाने! माझ्या डोक्यातून जात नाही बघ.

आमच्या वेळी शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. हळद शिजवायचे दिवस असले की वडिलांना पहाटे उठायचं असे. विलंबित रंगात आलं की रेडिओ बंद. परभणीला जाऊन गाणं शिकावं असं फार वाटे, पण वडिलांपुढे तोंड उघडायची छाती नव्हती. 1974 च्या फेब्रुवारीत खाँसाहेब कलकत्त्यात गेले. त्यांना समोर बसून ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

खरं सांगू? मला गाण्यापेक्षा दुसरीच भीती वाटते. झटका आल्यापासून तुझ्या बाबाला शब्द सापडायला वेळ लागतो. तुझा फोन आला की तो वाक्य सुरू करतो आणि तू ते पुरं करून टाकतेस. मग तो नुसता ‘हो’ म्हणतो. त्याला वेळ दे, बाई. परवा त्याला तुला विचारायचं होतं, की तानपुरा नीट लागतो का. फोन ठेवल्यावर मला म्हणाला.

जास्त बोललो असेन तर मनावर घेऊ नकोस. तुझा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे, तुझ्या बाबापेक्षाही. बंड्यासोबत आजीने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे. धपाटे दोन दिवसांत संपव, मैत्रिणींनाही दे. पैसे कमी पडले तर मला कळव, बाबाला सांगू नकोस. आणि रविवारी त्याला फोन कर.

तुझा,
आबा