रस्ता, विकास आणि कोपऱ्यावरचे हॉटेल

विकास म्हणजे रुंद रस्ते, उंच इमारती आणि वेगवान वाहने, असे आपण सहज धरून चालतो. हा समज एका लहानशा हॉटेलापाशी तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शीव ते ठाणे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग पूर्वी आग्रा रोड म्हणून ओळखला जाई. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांच्या आधाराने हॉटेले. मुलुंडचे आमच्या कोपऱ्यावरील हॉटेल त्यांतलेच. चार बाकडी, उसळ-पाव, राइस प्लेट आणि चहा. पाळी सुटली की गर्दी. एरवी इतकी सामसूम की मालक बाकड्यावरच आडवे होत, असे आजोबा सांगतात. कामगारांचे जेवण वहीत मांडले जाई आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता होई.

पुढे अनेक कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले. त्या जागी गृहसंकुले, मॉल व कार्यालये आली. आमचे हॉटेल मात्र बंद पडले नाही. उलट त्याचा गल्ला वाढला. पण तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, गिऱ्हाईक. पाळीचा कामगार गेला, कार्यालयातला नोकरदार आला. जागेचे भाडे वाढले, तसे पदार्थांचे भावही वाढले.

दुसरी, रस्ता. वडाळा ते कासारवडवली या मेट्रोच्या चौथ्या मार्गिकेचे काम सुरू झाल्यावर रस्त्यात पत्रे उभे राहिले. टेम्पो थांबवायला जागा उरली नाही. बाकडी जाऊन उभ्याने खाण्याची टेबले आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांसमोरून गाड्यांचा मोठा ओघ दुसरीकडे वळला. आमच्याकडे गाड्या वाढल्या, पण थांबता येईना.

तिसरी, वही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. आता गल्ल्यावर क्यूआर कोड आहे, उधारी बंद. ज्याच्या हाती शनिवारी मजुरी पडते, त्याने गुरुवारी कोठे जेवावे?

माझी आई याच हॉटेलात चपात्या लाटत असे. राइस प्लेट बंद होऊन डोसा व चायनीज आले, तेव्हा तिचे काम संपले. मालकांना मी दोष देत नाही; भाडे त्यांनाही चुकलेले नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, आणि माझी अकरावीची फी त्या चपात्यांतूनच भरली गेली, हे मला विसरता येत नाही.

समोरच्या टॉवरवर काम करणारे मजूर आता हातगाडीवरचा वडापाव खातात. अशा गाड्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवू नये, असे तो सांगतो. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत सामावून घेण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे रस्त्यावरचे खाणे हे अतिक्रमण नसून शहराची गरज आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

मेट्रो नको, असे माझे म्हणणे नाही. उद्या मीही तिनेच प्रवास करीन. परंतु रस्त्याचा आराखडा आखताना वाहनांबरोबर एका बाकड्याची जागाही मोजावी. इमारत बांधणाऱ्या मजुराला तिच्याजवळ बसून, परवडेल अशा भावात पोटभर जेवता येते का, हाही विकासाच्या हिशेबात धरला पाहिजे.