'मूनस्टोन' : पहिली चोरी कोणाची?

रहस्यकथा म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, अशी आपल्याकडे समजूत आहे. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी वाचल्यापासून मला ती पटत नाही. डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून १८६८ साली ती क्रमशः प्रसिद्ध झाली.

कथा घडते मुख्यत्वे १८४८-४९ मध्ये, इंग्लंडात. रेचेल व्हेरिंडरला अठराव्या वाढदिवशी मामाने मृत्युपत्राने ठेवलेला पिवळा हिरा मिळतो आणि त्याच रात्री तो नाहीसा होतो. रेचेल मात्र तोंड उघडत नाही. फ्रँकलिन ब्लेकवर तिचे प्रेम आहे आणि तिच्या मौनाचे कारणही तेच आहे. त्यामुळे येथे प्रणय हे रहस्याला लावलेले ठिगळ वाटत नाही.

विनोदाचेही तसेच. प्रत्येक पात्र आपल्याला ठाऊक तेवढीच हकीगत सांगते. म्हातारा कारभारी बेटरेज अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून कौल घेतो, जणू ती पोथीच! मिस क्लॅक दुसऱ्यांच्या घरांत धर्मपुस्तिका पेरीत फिरते. आपण हसतो, पण हसता हसता कळते की कोणाही साक्षीदाराला पुरते दिसत नाही.

मला महत्त्वाची वाटते ती प्रस्तावना. ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतले, टिपू सुलतान पडला, शहराची लूट झाली. हा इतिहास आहे. त्या लुटीत रेचेलचा मामा खून करून चंद्रदेवाचा हा हिरा पळवितो, ही कॉलिन्सची कल्पना. पुढे सार्जंट कफ कपड्यावरील रंगाच्या डागाचा शोध घेतो. पहिल्या चोरीचा तपास मात्र कोणीच करीत नाही. उलट हिरा परत न्यायला आलेले तीन ब्राह्मणच प्रथम संशयित ठरतात!

कॉलिन्स त्यांना साधुपुरुष करीत नाही. हिऱ्यासाठी तेही खून करतात. पण शेवटी हिरा सोमनाथी परततो, आणि समुद्र ओलांडून जात गमावलेले ते तिघे पुन्हा एकमेकांचे तोंड न पाहण्यासाठी तीन दिशांना यात्रेला निघतात. १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनी एका इंग्रजाने हे लिहावे, हे विशेष होय.

तरीही एक उणीव जाणवते. कादंबरीत इतक्या जणांच्या साक्षी आहेत. त्या तिघांपैकी एकाचीही नाही. मराठीत कोणी अशी कादंबरी लिहिणार असेल, तर तिची सुरुवात त्या साक्षीपासून व्हावी, असे मला वाटते.