मोबाईलमधला हिशेब परत मिळेल का?



आपल्यापैकी बऱ्याच जणींचा धंदा आता मोबाईलवर चालतो. मोहफुलाच्या लाडवांची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे क्यूआर कोडवर जमा होतात, उधारीचा हिशेब गुगलवर असतो. यातलं पुष्कळसं मोबाईलमध्ये नसून कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं असतं. त्यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. बँकेच्या लॉकरसारखंच समजा. वस्तू सुरक्षित असते, पण किल्ली हरवली किंवा बँक बंद असली तर हाती काही येत नाही.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला आणि गोंदिया, भंडाऱ्यासह काही जिल्ह्यांत घरांत पाणी शिरलं. अशा वेळी मोबाईल आणि वही दोन्ही जातात. ३१ जुलै २०२४ ला तर पुराशिवायच देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व्यवहार अडले. या सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला होता. सेवा दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

म्हणून आधी दोन प्रश्नांची उत्तरं ठरवा. काम किती दिवस बंद राहिलं तर चालेल? आणि किती दिवसांचा हिशेब हरवला तर चालेल? उत्तर ‘एकच दिवस’ असेल, तर रोज संध्याकाळी हिशेब वहीत उतरवायलाच हवा.

आता ही कामं करा:

१. गुगल खातं कोणी उघडून दिलं? भाच्याने दिलं असेल तर ईमेल आणि पासवर्ड विचारून घ्या. कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत ठेवा. यूपीआय पिन मात्र कुठेच लिहू नका.

२. ग्राहकांचे नंबर, उधारी, घेतलेला ॲडव्हान्स आणि द्यायचा माल वहीत लिहा. वहीचा फोटो दर आठवड्याला दुसऱ्या ताईकडे पाठवा.

३. यूपीआय बंद असेल त्या दिवसासाठी थोडी रोकड आणि चिल्लर ठेवा. ग्राहकाने स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही. खात्यात जमा झाल्याचं बघूनच माल द्या.

४. मोबाईल हरवला तर लगेच सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन घ्या आणि बँकेला कळवा. संचार साथी पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा करून बघा. पुढच्या बैठकीत आपला मोबाईल बाजूला ठेवा. गटातल्या विश्वासू ताईच्या मोबाईलवर आपलं गुगल खातं उघडा, हिशेब दिसतो का पाहा आणि आठवणीने लॉगआउट करा. खातं उघडलं नाही, तर चूक आजच कळली. दुरुस्त करायला वेळ आहे. पुरात किंवा हप्त्याच्या आदल्या दिवशी तो नसतो.

कोणाचं खातं उघडलं, कोणाचं नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तात नक्की लिहा.