दरडोई वीस रुपये

देशाचे उत्पन्न तराजूत घालून मोजता येत नाही. ते अदमासानेच काढावे लागते. हिंदुस्थानच्या बाबतीत हे काम प्रथम नेटाने केले ते दादाभाई नवरोजी यांनी. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी १८६७-६८ सालचे ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न सुमारे ३४० कोटी रुपये धरले. १७ कोटी लोकांत भागता दरडोई २० रुपये आले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला याहून अधिक खर्च करीत होते, हे त्यांनी सरकारी अहवालांतूनच दाखवून दिले.

पिकाखालील क्षेत्र, एकरी उतारा आणि बाजारभाव यांचा गुणाकार, ही त्यांची मुख्य रीत. तिच्यातील बारकावा आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावा. समजा, एका गावात ९० एकर जिराईत आहे, उतारा एकरी ४ मण. आणि १० एकर बागाईत आहे, उतारा १२ मण. चार आणि बारा यांची सरासरी आठ. पण गावाचे एकूण पीक ४८० मण, म्हणजे एकरी ४.८ मणच! सरकारी अहवालांत पहिल्या प्रकारची सरासरी मांडलेली असे. दादाभाईंनी ती चूक नेमकी पकडली.

पुढे १८८२ साली बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपये काढले. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी ३० सांगितले, तर विल्यम डिग्बी यांनी जेमतेम १७-१८. देश तोच, शेतकरीही तोच. प्रत्येकाने गृहीत धरलेला उतारा मात्र निराळा.

उत्पन्न वाढले की घटले, हे ठरविणे त्याहून अवघड. सरकारी पीक-अंदाजात नेहमीच्या उताऱ्याला त्या वर्षीच्या आणेवारीने गुणीत. ती आणेवारी गावपातळीवरील महसुली नोकर नजरेने ठरवी. याच आकड्यांवरून जॉर्ज ब्लिन यांनी १८९१ ते १९४७ या काळात धान्योत्पादन जवळजवळ खुंटले व माणशी धान्य घटले, असा निष्कर्ष काढला. ॲलन हेस्टन यांनी मात्र उतारा घटल्याचा पुरावाच डळमळीत आहे, असा आक्षेप घेतला. शतकभराच्या दारिद्र्याचा इतिहास असा एका नजरअंदाजावर येऊन ठेपतो!

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. माहितीतील उणिवा भरून काढण्यासाठी १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि निवडक घरांत जाऊन त्या कुटुंबांनाच त्यांचा खर्च विचारला जाऊ लागला.