आधी कोणता भाग?

कादंबऱ्यांची मालिका हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: सुरुवात कुठून करायची? बीसीएच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्याचा प्रश्नही तोच असतो, फक्त खिशाशी जास्त जोडलेला: पगारी इंटर्नशिप आधी, की डिग्री आधी?

भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठीत आणलेल्या हॅरी पॉटरच्या बाबतीत भानगडच नाही. पुस्तकं ज्या क्रमाने निघाली, त्याच क्रमाने हॅरीची शाळेची वर्षं सरकतात. सी. एस. लुईस यांच्या नार्नियात मात्र गोची आहे. १९५० साली पहिलं आलेलं पुस्तक ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. १९५५ साली सहावं आलेलं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ त्याच्याही आधीची, नार्नियाच्या जन्माची गोष्ट सांगतं. १९९४ पासून हार्परकॉलिन्सने घटनाक्रम धरून या सहाव्यालाच १ नंबर दिला.

मग कोणाचं ऐकायचं? पहिल्या पुस्तकात बर्फाळ जंगलात एक दिवा जळत असतो. तो तिथे कसा आला, हे सहाव्यात कळतं. उत्तर आधी वाचलं तर कोडं पडतच नाही. म्हणून पहिल्या वाचनाला प्रकाशनक्रम बरा, दुसऱ्या वाचनाला घटनाक्रम घ्या.

संगणकाच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट ‘टोपोलॉजिकल सॉर्ट’ म्हणून ठाऊक आहे. कोणत्या कामाआधी कोणतं काम झालंच पाहिजे, तेवढं मांडायचं. बरोबर क्रम एकापेक्षा जास्त निघू शकतात, पण अट मोडणारा क्रम चुकीचाच.

आता हेच इंटर्नशिपला लावून बघू.

शिकत असताना: ‘गूगल समर ऑफ कोड’. २००५ पासून चालू आहे. अठरा वर्षं पूर्ण हवीत. काम ऑनलाइन, मानधन मिळतं. राजेगाव सोडावं लागत नाही. पण प्रस्ताव देण्याआधी त्या प्रकल्पाचा कोड वाचून एखादी छोटी दुरुस्ती केलेली असली तर वजन पडतं.

शिक्षण संपल्यावर: प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना. २०२४ च्या पहिल्या फेरीत वय २१ ते २४, बारा महिने, महिन्याला ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये. त्या फेरीत पूर्णवेळ शिकणाऱ्याला ती बंद होती, दूरशिक्षणवाल्याला खुली. म्हणजे घाईत एम.सी.ए.ला नाव घातलं की हे दार लागत होतं.

तिसरी अट आपल्या सीमेची. बाघ नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे गोंदिया जिल्हा. मध्य प्रदेशच्या ‘सीखो-कमाओ’ योजनेत (२०२३) पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. महाराष्ट्राच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही (२०२४) तेवढेच. दोन्हीकडे त्या-त्या राज्याचा रहिवासी असणं आवश्यक. बोली एक असली तरी दाखला एकाच काठाचा चालतो. मामा गोंदियात राहतो म्हणून भागत नाही! अटी बदलतात, त्यामुळे अर्जाआधी सरकारी पोर्टल बघाच.

आणि जिथे ‘इंटर्नशिप’साठी तुमच्याकडूनच फी मागतात, तो क्लास समजा. शिकायचं असेल तर जा, पण कमाईच्या यादीत तो धरू नका. शहरातल्या खोलीचं भाडं प्रमाणपत्राने भरत नाही.

स्वाध्याय: तुमचं वय, वर्ष आणि रहिवासी दाखला लिहा. त्यापुढे आज उघडी असलेली दारं मांडा. जे आधी बंद होणार, त्यावर १ नंबर घाला.